तोंडातून गेलेलं ‘झालं’

स्वीडनमधल्या बोरोस शहराजवळच्या औषधांच्या गोदामात इल्वाच्या कानात दिवसभर यंत्रातली एक बाई बोलायची. ती कप्पा सांगायची, इल्वा कप्प्यावरचे आकडे वाचायची. ती ‘दोन’ म्हणायची, इल्वा दोन खोकी क्रेटमध्ये ठेवून ‘झालं’ म्हणायची. तो शब्द ऐकला की संगणक साठ्यातून माल वजा करायचा आणि सरकता पट्टा क्रेट घेऊन निघायचा. इल्वाला त्या शब्दाची धास्तीच वाटायची. घराचं कुलूप लावल्यावरही परत परत ओढून बघणारी बाई ती.

त्या सकाळी थंड खोलीत इन्शुलिनचं एक खोकं ठेवून ती दुसऱ्याला हात घालणार, तोच तिच्याबरोबर काम करणारा शेल ट्रॉली ढकलत शेजारून गेला.

“काय ग, खाणं झालं का, की आजपण उपास?”

“झालं,” ती म्हणाली.

क्रेट सरकला. कानातली बाई पुढचा कप्पा सांगू लागली.

“अगं नाही! मी त्याच्याशी बोलले!”

“समजलं नाही. पुन्हा सांगा.”

शेल हसला. “घाबरतेस कशाला? वजनकाट्यावर अडेल की.”

इल्वा पट्ट्याच्या कडेने धावली. क्रेट काट्यावर चढला आणि हिरवा दिवा लागला. क्रेटमधल्या बर्फाच्या पिशव्या कधी जड, कधी हलक्या. त्यांत एवढंसं खोकं काट्याला काय कळणार? क्रेट वृद्धाश्रमात जाणार होता. तिथे कुणाची तरी सुई रिकामी राहणार. तिने लाल दोरी ओढली. सगळे पट्टे जागच्या जागी थांबले.

“कुणी ओढली? खाली ट्रक उभाय!” मुकादम बेरिट वरून ओरडली.

“मी. एक खोकं राहिलंय.”

“संगणक तर दोन म्हणतोय.”

“त्याला मीच सांगितलंय ते!”

बेरिटने पट्ट्यापाशी येऊन झाकण उघडलं. खोकं एकच होतं. तिने दुसरं आणून आत ठेवलं. “सुटलीस बाई. जा आता कामाला.”

इल्वा हलली नाही. “आणि आधीचे क्रेट?”

“कुठले आधीचे?”

“शेल येता-जाता काहीतरी विचारतच असतो ग. मी काय काय उत्तरं दिलीत, मला आठवत नाही.”

बेरिटने तिच्याकडे पाहिलं, मग ट्रकवाल्याला फोन लावला. “निघू नकोस. थंड खोलीचे आजचे सगळे क्रेट उघडायचेत.”

तिचं वाक्य संपायच्या आत इल्वा जिना उतरू लागली होती.