पंपाच्या मानेतली फट

तेलुगू राज्याचे दोन तुकडे होणार हे ठरलं, त्या वर्षात आमच्या कंपनीचेही दोन तुकडे व्हायचे होते. कुकटपल्लीत आमचा पंपांचा कारखाना. वरच्या मजल्यावर आम्ही नऊजण कॉम्प्युटरवर पंपांची थ्रीडी मॉडेलं करायचो. काहीजण नव्या सीमेपलीकडे विजयवाड्याला जाणार, बाकीचे इथंच राहणार. यादी आमच्या विभागप्रमुखांनी करायची होती. ते काम त्यांच्याकडे आल्यापासून माणसं त्यांना पाहून उठून उभी राहू लागली आणि त्यांना ते आवडू लागलं.

प्रमुख माझ्यासारखेच मराठी. त्यांचे आजोबा परभणीकडून आलेले, माझे नांदेडकडून. चारचौघांत ते इंग्रजी नाहीतर दक्खनी बोलत. काही लपवायचं असलं की मात्र माझ्या खुर्चीमागे येऊन मराठीत कुजबुजत. तोंडात सतत जर्द्याचं पान. माझा माऊस हाताळून गेले की त्यावर त्यांच्या बोटांचे चिकट, तांबूस ठसे राहत. मी ओल्या फडक्यानं ते पुसायची आणि तरी दिवसभर मला तो वास येत राहायचा.

हे काम मला शिकवलं ते मास्टरगारूंनी; गारू म्हणजे तेलुगूतलं 'जी'. गुंटूरकडचे, पन्नाशी उलटलेले, लाकडी बोर्डावर कागद ताणून ड्रॉइंग काढण्यापासून सुरुवात केलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला तेलुगूत सांगितलं होतं, "अम्मा, दोन वस्तू पडद्यावर चिकटलेल्या दिसल्या म्हणजे जोडल्या गेल्या असं समजू नकोस. आधी एक दुसरीत थोडी शिरव, मग जोड. आणि चुकलं तर वरून लिंपायचं नाही. जिथं चुकलं त्या पायरीवर मागं जायचं."

एका पंपाचं मॉडेल त्यांनी केलं होतं. ग्राहकानं पाया बदलला म्हणून पाण्याचा बाहेरचा पाइप थोडा सरकवायचा होता. ते काम माझ्याकडे आलं. पाइप सरकवला आणि पंपाचं गोल कवच आणि पाइप यांच्यामध्ये, मानेशी, दोन मिलिमीटरची फट पडली. जोडायची आज्ञा दिली की प्रोग्राम नकार द्यायचा. मास्टरगारू त्या दिवशी रजेवर होते. मागं जाऊन मूळ आकृतीतली मान लांबवायची, तर पुढच्या साठेक पायऱ्या मोडणार होत्या. त्या नीट करायला दोन दिवस लागले असते.

"दोन दिवस कुठून आणू, ताई?" प्रमुख मराठीत म्हणाले. "सरका जरा."

ते माझ्या खुर्चीवर बसले. फटीभोवती बाहेरून एक पातळ कडं काढलं, कवच, कडं आणि पाइप एकत्र निवडले आणि जोडले. प्रोग्रामनं मुकाट्यानं एकच वस्तू केली. बाहेरून मान गुळगुळीत, आत मात्र फट तशीच.

"सर, तिथं भिंत पातळ राहील."

"कोण आत डोकावतंय? आपल्या माणसानं आपल्याला अडवायचं नसतं. हौ म्हणा आणि सेव्ह करा."

मी सेव्ह केलं. कुणी माझा हात धरला नव्हता. यादीत आपलं काय होईल, एवढंच मनात होतं.

महिन्याभरानं बिडाची पहिली तीन कवचं ओतून आली. पाण्याच्या दाबाची चाचणी घेतली आणि तिन्ही मानेपाशीच तडकली. बैठक बसली. ग्राहकाचा इंजिनिअर समोर होता. प्रमुखांनी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवलं. सही मास्टरगारूंची होती; मूळ ड्रॉइंगवरची, बदलानंतरही तशीच राहिलेली.

"इनका दिल अब इधर नहीं है साब," प्रमुख हळहळल्यासारखं म्हणाले. "इनको उधर जाना है ना."

दोघंतिघं हसले. तिकडचा, विजयवाडा-गुंटूरकडचा माणूस म्हटलं की त्या दिवसांत एवढं पुरायचं. मास्टरगारू तडकलेल्या मानेकडे बघत होते. त्यांनी त्या भेगेतून नख फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. बाहेर आल्यावर प्रमुख मला म्हणाले, "वाचलो बघा आपण." त्या 'आपण'मध्ये मीही होते. बेसिनपाशी जाऊन मी चेहऱ्यावर पाणी मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा इंजिनिअर पुन्हा आला, तेव्हा मी त्याला माझ्या टेबलाशी बोलावलं आणि फाइल उघडली. मॉडेल मधोमध कापून दाखवलं. मानेच्या आत खाच स्पष्ट दिसत होती. मग डावीकडची पायऱ्यांची यादी उघडली. कडं काढल्याची पायरी, तिची तारीख, आणि कुणाच्या लॉगिनवरून काढलं ते.

"लॉगिन तर तुमचं आहे," मागून आलेले प्रमुख मोठ्यानं इंग्रजीत म्हणाले.

"हो, माझंच. खुर्चीवर तुम्ही होता. सेव्ह मी केलं."

"खोटं बोलते ही!"

इंजिनिअरनं दोघांकडे पाहिलं. खुर्चीवर कोण बसलं होतं ते फाइलमध्ये नव्हतं. पण मास्टरगारू त्या तारखेला रजेवर होते, हे हजेरीत होतं. त्यांच्यावरचा ठपका गेला. ताकीद मला मिळाली, लेखी. प्रमुखांना कुणी काही विचारलं नाही. मी आणि मास्टरगारूंनी मिळून ती मान मूळ आकृतीपासून पुन्हा केली. दोनच दिवस लागले. या वेळी कवचं तडकली नाहीत.

काम करताना ते फक्त कामाचं बोलले. दुसऱ्या संध्याकाळी मी म्हणाले, "मास्टरगारू, मला माफ करा."

त्यांनी चष्मा पुसला. "फाइल उघडून दाखवलंस ते बरं केलंस, अम्मा," ते म्हणाले. "पण बैठकीत बोलायचं होतंस. तिथं माणसं हसली."

विजयवाड्याच्या यादीत त्यांचं नाव आलंच. मी इथल्या यादीत राहिले. प्रमुखांना वरची जागा मिळाली आणि मिठाईचा डबा घेऊन ते टेबलाटेबलाशी फिरले. माझ्यापाशी आल्यावर मराठीत म्हणाले, "घ्या ताई, आपल्यात काय राग धरायचा?"

मी पेढा घेतला नाही. त्यांनी तो माझ्या कीबोर्डावर ठेवला आणि पुढे गेले. मी तो कागदात उचलून टाकून दिला आणि पुढच्या महिन्यात शहरातल्याच हिमायतनगरच्या एका छोट्या कंपनीत, कमी हुद्द्यावर, रुजू झाले.