धर्मराज पेंटरचा उजवा हात

धर्मराज कोळ्याने माझं हासळीचं हाड मोडलं, तेव्हा मला नेरुळात दुकान टाकून जेमतेम तीन महिने झाले होते. फ्लेक्स छापायचं कोरं मशीन, उद्घाटनाचा सुकलेला हार अजून त्याच्यावर लटकत होता. सकाळी अकराच्या सुमारास हा सहा फुटी माणूस होडीचं वल्हं घेऊन आत आला. पहिला घाव मशीनच्या काचेवर, दुसरा माझ्या खांद्यावर, तिसरा टेबलावर. चौथा माझ्या डोक्यासाठी होता, पण वल्हं छताच्या पंख्यात अडकलं, म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे.

माझा गुन्हा एवढाच, की जवळच्या सारसोळे कोळीवाड्यातल्या एका किराणा दुकानाची पाटी मी फ्लेक्सवर छापून दिली होती. आधीची पाटी धर्मराजने हाताने रंगवलेली. दुकानदाराने ती उतरवून मोरीवर झाकण म्हणून टाकली आणि धर्मराजने ती तिथे पाहिली. त्याने आधी दुकानदाराला मोरीत कोंबला, मग माझ्याकडे आला. मी कराडकडचा माणूस, मारामाऱ्या काय पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण पाटीसाठी माणूस जिवावर उठतो हे मला नवीन होतं. गावकीने पुढे समेट घडवला. तो माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला आणि जाता जाता म्हणाला, "तुजा अक्षर घान हाय." त्या दिवशी मला त्याचा मनापासून राग आला, कारण माझं अक्षर खरंच घाण होतं.

सारसोळ्याच्या निम्म्या होड्यांची नावं धर्मराजच्या हातची होती. खारीच्या केसांचा ब्रश, ऑइल पेंटचे चार डबे आणि रेघ मारायला खडूत बुडवलेला दोरा, एवढ्यावर तो होडीला नाव, डोळे आणि देवी द्यायचा. पण जसा हात चालायचा तशीच मूठही. नावातला उकार उलटा काढ म्हणणाऱ्या एका नाखव्याला त्याने होडीवरून चिखलात फेकला होता. फ्लेक्सने पाट्यांचं काम संपवलं तेव्हा तो न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कामाला लागला. तिथे सुपरवायझरने आईवरून शिवी दिली, तर त्याचं नाक लोखंडी दारावर आपटून कायमचं वाकडं केलं. नोकरी गेली. मग हळदीच्या मांडवात स्वतःच्या मेव्हण्याचे दोन दात पाडले, आणि त्या दिवशी त्याची बायको भावना लेकीला, रुतिकाला, घेऊन बोनकोड्याला माहेरी निघून गेली.

सात महिन्यांनी ती परत आली ती एका अटीवर. रुतिकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याने शपथ घ्यायची, की यापुढे कोणावर हात उचलणार नाही. भावना मासळी विकणारी बाई, मोजून बोलणारी. ती म्हणाली होती, "एकदा जरी उचललास, तरी आमी दोगी जाऊ. परत न्यायला येव नको." धर्मराजने शपथ घेतली. मारामारी सोडलेला धर्मराज म्हणजे काय, ते तेव्हा आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, बहुतेक त्यालाही नाही.

मला त्याची गरज पडली, त्याला आता तीन वर्षं झाली. सीवूड्सला एक नवा कॅफे निघत होता. त्यांना भिंतीवर 'रेट्रो' चित्रं हवी होती. जुन्या पाट्यांसारखी अक्षरं, जुन्या पोस्टरसारखे चेहरे, विटलेला कागद. मी आठ दिवस संगणकासमोर डोकं फोडलं. माझ्याच्याने जे झालं ते जुनं दिसेना, नुसतं मळकं दिसायला लागलं. शेवटी मी सारसोळ्याच्या जेट्टीवर गेलो. धर्मराज जाळं सांधत बसला होता. कॅफेवाल्यांनी पाठवलेला नमुना मी मोबाइलवर दाखवला. त्याने बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "हा तर आमचा काम हाय. याला आता इंग्रजी नाव हाय?"

"संगणकावर करायचं," मी म्हणालो. "शिकशील?"

"शिकवनार कोन? तू?" तो माझ्या खांद्याकडे बघून हसला. लाज वाटली असावी त्याला, पण हसला.

शिकवणं म्हणजे काय, ते त्या चार महिन्यांत मी भोगलं. पॅडवर चित्र काढायच्या पेनचं टोक त्याने पहिल्याच दिवशी दाबून आत घातलं. दुसरं पेन भिंतीवर फेकून फोडलं. हिंदी व्हिडिओत शिकवणाऱ्या पोराला तो पडद्यावरच अशा शिव्या द्यायचा, की शेजारचा केमिस्ट दार लावून घ्यायचा. माणसावर हात उचलायचा नाही, ही शपथ. म्हणून तो स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटायचा. एकदा रक्त आलं. मी म्हणालो, "अरे, अनडू दाब, डोकं कशाला फोडतोस?" अनडू म्हणजे चुकलेलं मागे घेता येतं, हे त्याला समजावलं. त्याने ते बटण सात-आठ वेळा दाबून बघितलं. मग हळूच विचारलं, "हा आधी का नाय निंगाला?"

त्यानंतर गडी मार्गाला लागला. वळणदार रेघ काढायला दोन्हीकडून टोकं धरून ताणायची, हे त्याला जाळ्यामुळे पटकन कळलं. रंग दोन किंवा तीनच वापरायचे, सावली द्यायला बारीक ठिपके पेरायचे, आणि एक रंग रेघेबाहेर केसभर सरकवायचा, कारण जुन्या छापखान्यात लाल आणि काळा एकमेकांवर कधी नीट बसत नसत. यावर तो भडकला. "रंग भायेर गेला का गुरू पट्टीनं बोटा फोडायचा माजी. आता मुद्दाम भायेर काडू?" पण काढला. पुढे तर त्याने माझ्या बापजन्मात सुचलं नसतं असं केलं. घरून जुने ब्रश आणले, कागदावर काळ्या रंगाचे फटकारे मारले, त्यांचे फोटो काढले आणि संगणकात त्यांचेच ब्रश करून घेतले. पडद्यावर त्याचाच हात उमटायला लागला. कॅफेवाले वेडे झाले. मागोमाग वाशीची, बेलापूरची कामं आली. रुतिका कॉलेजात मैत्रिणींना बापाची पोस्टरं दाखवायची. भावना एकदा दुकानात आली, चित्रं बघितली आणि मला म्हणाली, "बंडूशेट, रात्री निजंत मुठी वलायचा. आता नाय वलत." मला फार बरं वाटलं. ज्याने माझं हाड मोडलं त्याला मी माणसात आणलं, असं मी मनातल्या मनात मिरवायलाही लागलो होतो.

मग आला प्रीतमशेटचा पन्नासावा वाढदिवस. हा प्रीतमशेट बांधकामाला रेती-विटा पुरवणारा, चार डंपर आणि चाळीस पोरं बाळगून असलेला माणूस. त्याला नाक्यावर वीस फुटी बॅनर हवा होता, जुन्या पिक्चरच्या पोस्टरसारखा, स्वतः हिरो. धर्मराज चार दिवस खपला. अर्धा चेहरा काळ्या सावलीत, मागे पेटलेला लाल, भोवती काळी चौकट, खाली विटका कागद आणि त्यावर काळ्या अक्षरांत नाव, लालभडक अक्षरांत वाढदिवसाच्या शुभेच्छा. प्रीतमशेटने मोबाइलवर पाहिलं आणि धर्मराजला मिठीच मारली. "कडक, पेंटर! असा बॅनर अख्ख्या नवी मुंबईत नाय."

बॅनर छापला मी, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी. माझ्या मशीनचा मॅजेन्टा, म्हणजे लालसर रंग, तुंबला होता. मेकॅनिक शनिवारी येणार होता, तोवर मी निळ्या-हिरव्या पाट्या छापून वेळ मारून नेत होतो. जुईनगरला दुसऱ्याकडे छापायला दिलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण प्रीतमशेटचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात न्यायचं माझ्या जिवावर आलं. छापून बाहेर आलं तेव्हा लाल कुठेच नव्हता. पेटलेलं आभाळ फिकट पिवळं, शुभेच्छांची अक्षरंही पिवळी, विटक्या कागदावर दिसेनाशी. उरला तो काळा चेहरा, काळी चौकट आणि काळ्या अक्षरातलं नाव. मी ट्यूबलाइटखाली उभा राहून बघितलं आणि स्वतःला म्हणालो, रेट्रो आहे, फिकटच असतं. धर्मराज तेव्हा घरी गेला होता. मी बॅनर गुंडाळून प्रीतमशेटच्या पोरांच्या ताब्यात दिला.

आपल्याकडे नाक्यावर काळपट चेहरा लागला की माणूस गेला. खाली काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. आठवड्याला चार श्रद्धांजल्या छापणाऱ्या मला हे कळायला हवं होतं.

सकाळी सातला एका रिक्षावाल्याने बॅनरला हार घातला. मासळीवाल्या बायांनी दुखवटा म्हणून टोपल्या झाकल्या. कोणीतरी प्रीतमशेटच्या बहिणीला फोन केला आणि ती ऊर बडवत त्याच्या दारात रिक्षातून उतरली. तो स्वतः बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन अंगणात उभा. पण तिचा हंबरडा आधी आत पोचला होता. त्याची ऐंशी वर्षांची आई ओट्यावरून धावत सुटली, पडली आणि पायरीवर तिचं डोकं फुटलं. सहा टाके पडले.

साडेनऊला सहा जण दुकानात शिरले, मागून प्रीतमशेट. बनियनवर आईचं रक्त. कोणाचं काही ऐकायच्या आधीच एकाने सळईने मशीन फोडलं, दुसऱ्याने माझ्या पोटात लाथ घातली. मी फ्लेक्सच्या गुंडाळ्यांमागे जाऊन पडलो.

"डिझाइन कोनाची?" प्रीतमशेट ओरडला.

धर्मराज खुर्चीवरून उठला. "माजी."

त्याने बॅनर अजून पाहिलाच नव्हता. काय चुकलं ते त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही. त्यांनी त्याला सळईने पाठीवर, पोटरीवर, बरगड्यांवर मारलं. त्या सहांना तो एकटा पुरून उरला असता, हे मी खात्रीने सांगतो, मला अनुभव आहे. पण त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं. भुवई फुटून डोळ्यात रक्त उतरलं, तरी त्याने ते पुसायलाही हात पुढे आणला नाही. एक दात माझ्या पुढ्यात येऊन पडला. तो फक्त म्हणत होता, "शेट, मारा. मी नाय मारनार."

त्या बोलण्याने त्यांचा राग आणखीच वाढला. "कंच्या हातानं काडलास?" एकाने विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि दुकानाचं शटर वरून सोडलं. एकदा. मग उचलून पुन्हा. दुसऱ्या वेळचा आवाज मी ऐकला आणि गुंडाळ्यांमागे कान झाकून घेतले. मी भ्यालो होतो. दुसरं काही कारण नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, अंगठा आणि दोन बोटं चिरडलीत. मी विचारलं, पेन धरता येईल का? ते म्हणाले, आधी बोटं राहतात का बघू.

भावना मार्केटातून तशीच आली, मासळीच्या ओल्या हातांनी. पट्टीतून रक्त झिरपत होतं, तिकडे तिने पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे.

"तू मारलास कोनाला?"

"नाय."

"एकाला पन नाय?"

"नाय. पोरीची शपत व्हती."

मला वाटलं ती समाधानाने बसेल. तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि अख्खा वॉर्ड वळून बघेल असं रडली. "का नाय मारलास रं मेल्या? हात गेला तुजा! मी शपत सोडली असती, हात कुटून आनू?"

तेव्हा मला राहवलं नाही. चूक चित्राची नव्हती, छापण्याची होती, लाल रंग बंद होता, मला माहीत होतं, आणि मार पडत होता तेव्हाही मी गप्प बसलो, हे सगळं मी बोलून टाकलं. भावना उठली आणि तिने माझ्या थोबाडीत मारली. मग दुसरी. ओठ फुटला. नर्स धावली, तर तिला बाजूला सारून म्हणाली, "शपत त्याला घातलीय. मना नाय." आणि तिसरी मारली. मी हलो नाही. मला मार हवाच होता, आणखी पडला असता तर बरं झालं असतं.

"भावना, पुरे," धर्मराज म्हणाला. ती थांबली. तो माझ्याकडे बघत होता. एक डोळा सुजून मिटलेला, दुसऱ्या डोळ्यात राग नव्हता. त्याने कामाचं विचारावं तसं विचारलं, "मॅजेन्टा कवापासून बंद व्हता?"

"सोमवारपासून."

गुरुवारी छापलं होतं. मी त्याला न सांगितलेले दिवस तो मनातल्या मनात मोजत असावा. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी तासभर तिथे उभा होतो. त्याने वळून बघितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.