वरचा बांगडा

तीस वर्षं मी मालवणच्या बाजारात मासे विकतेय. गिऱ्हाईक कसं धरून ठेवायचं हे मला कोणी शिकवू नये. त्याची नजर शेजारणीच्या टोपलीकडे वळली, की मी वर एक बांगडा टाकते. नजर परत येते. पण एखादं पोर मासे न्यायला आलं, तर हा खेळ करायचा नाही. रास्त भाव सांगायचा आणि द्यायचं. आम्हा सगळ्याजणींची ही रीत.

गेल्या मे महिन्यात आमच्या मागच्या खोलीत पुण्याची एक मुलगी भाड्याने राहिली. लहान मुलांचं लक्ष टिकावं म्हणून ती ॲप बनवत होती. माझ्या पाच वर्षांच्या नातीला देऊन बघू का, म्हणाली. मी नको म्हटलं, तर माझा मुलगा म्हणतो, "आये, तुका त्यातला काय कळता?" ते अजून सलतं. तरी घासाघीस करून मी दिवसाला अर्ध्या तासावर आणलं.

एरवी नात माझ्याजवळ बसून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, निवडायची. एक शिंपली दुसरीवर वाजवायची, कान लावायची. बद्द वाजली की आत चिखल, टाक बाजूला. टोप संपेपर्यंत उठायची नाही.

चौथ्या दिवशी मी तिच्यामागे उभी राहिले. पडद्यावर पोपट गोष्ट सांगत होता. नात मांजराकडे वळली. लगेच पोपट ओरडला आणि त्याने एक आंबा टाकला. पुन्हा वळली, पुन्हा आंबा.

माझाच बांगडा! आणि तोही पोराला. मला शिसारी आली.

"त्या मेल्या पोपटाक गप ऱ्हवाक सांग," मी पुण्याच्या मुलीला म्हटलं. "पोराक मांजर बघूंदे. गोष्ट संपली की बंद होऊंदे."

"आजी, मग मुलं परत येणार नाहीत."

"नाय येवंदेत! तू लक्ष टिकवतंस की गिऱ्हाईक?"

"बघते," ती म्हणाली. भाव न पटलेलं गिऱ्हाईकही असंच म्हणतं. मी टॅबलेट उचलून तिच्या हातात दिला.

संध्याकाळी नात तिसऱ्या घेऊन बसली. चार वाजवल्या आणि हात पुढे केला. "आजये, आता काय देतलंस?"

"काय नाय. वाजव."

उरलेल्या तिने तशाच टोपात ढकलल्या आणि उठली. मी पाहिलं, आणि रागाने तशाच शिजवल्या. कालवण चिखलाने कचकचत होतं. मुलाने पहिलाच घास थुंकला.

"आये, ह्या काय?"

"माका काय कळता? तुका कळता मां? खा."