चौदाची अडीचपट

गणिताच्या सरांनी मला डावललं आणि माझी जागा वर्गातल्या हरजीतला दिली. आज लेकीच्या शाळेत ओल्या फळ्याचा वास आला आणि बाबांची बदली झालेल्या चंदीगडचा तो वर्ग डोळ्यांसमोर उभा राहिला. दहशतवादाच्या त्या दिवसांत खिडकीबाहेर वाळूच्या पोत्यांआड जवान होते, आत गणित स्पर्धेची निवड चालली होती.

"चौदह का ढाई गुना?" सरांनी विचारलं.

मी मराठीत पुटपुटले, "चौदा दुणे अठ्ठावीस, अर्धे सात," आणि ओरडले, "पैंतीस!"

सरांना मराठी येत नव्हती. ते हसले. "रट्टा है. लड़कियाँ रटती हैं, लड़के सोचते हैं."

"सरजी, मुझे तो आया ही नहीं," हरजीत म्हणाला. तरी निवड त्याचीच झाली.

तेव्हा मला पुटपुटण्याचीच लाज वाटली. आज धंद्यात मी तशीच पुटपुटत भाव पाडते.

सर, माझा विचार तुम्ही घोकंपट्टी कसा ठरवलात? उत्तर द्या.