भुऱ्याचं पोट

"काल यानं काय खाल्लं?" काका विचारायचे आणि मी खोटं सांगायचो. एकदा-दोनदा नाही, जवळजवळ पाच महिने. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. गृहपाठ न करता कारणं सांगणाऱ्या मुलांना वर्गात उभं करतो. म्हणून हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना स्वतःला चांगलं दाखवायचा मोह व्हायला नको.

हा प्रश्न विचारताना ते माझ्या कुत्र्यासमोर, भुऱ्यासमोर, उकिडवे बसलेले असत. तोंड दुसरीकडे वळवलेलं आणि पालथी मूठ तेवढी पुढे केलेली. कुत्र्याकडे थेट बघायचं नाही, आधी त्याला आपला वास घेऊ द्यायचा, ही त्यांची रीत. भुऱ्यानं मूठ हुंगली की ते वळायचे, त्याचा ओठ उचलून हिरडी बघायचे, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायचे आणि ती किती वेळात जागेवर बसते ते पाहायचे. तेवढ्या वेळात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. माणसांत ती थोडी अवघडलेली असतात, पण जनावरापाशी बसली की घरी आल्यासारखी दिसतात.

गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मनीषनगरच्या आमच्या इमारतीमागे जुनी वस्ती आहे, तिथं एका खोलीत एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगी भिवापूरला दिलेली. सकाळी सायकलला कापडी पिशवी अडकवून निघायचे. कुणाची बकरी, कुणाचा पोपट, कुणाची म्हैस बघून जेवायच्या वेळी परत. आमच्या दूधवाल्यानं मला त्यांचं नाव सांगितलं. "डाक्टरच्या मशीनले दिसत नाही ते काकाच्या डोळ्याले दिसते," असं तो म्हणाला होता.

भुऱ्या तेव्हा तेरा वर्षांचा होता. माझी मुलगी सातवीत असताना तिनं त्याला शाळेच्या दप्तरातून घरी आणलं होतं. पुढे माझी बायको गेली, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, आणि घरात आम्ही दोघं उरलो. त्या उन्हाळ्यात त्याचं पोट बिघडलं ते सुधरेचना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, शी तपासली, सोनोग्राफी केली. कृमी नव्हते, गाठ नव्हती. "वय झालंय. आतडं नाजूक झालंय. औषध देतो, पण खाणं सांभाळा," असं त्यांनी सांगितलं. औषध संपलं की चार दिवसांत पुन्हा तेच.

काका पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, "बसा, चहा ठेवतो."

"पहिले माल दाखवा. चहा मंग."

माल म्हणजे भुऱ्याची शी. ती उचलून टाकायची नाही, वर्तमानपत्राखाली झाकून गच्चीवर ठेवायची, असा त्यांचा हुकूम निघाला. रोज सकाळी ते जिन्यातूनच ओरडायचे, "सर, माल ठेवला का?" समोरच्या घरातले निवृत्त फौजदार दोन-तीन दिवस दार किलकिलं करून माझ्याकडे फार संशयानं बघत होते. शेवटी एकदा मी त्यांना वर नेऊन तो माल दाखवला. त्यानंतर त्यांनी दार उघडणंच बंद केलं.

काका मात्र त्या कागदासमोर बसायचे ते एखादा सोनार दागिन्यासमोर बसावा तसे. रंग बघायचे, काडीनं हलवून बघायचे, वास घ्यायचे. मग हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे आणि चहाच्या कपाला हात लावायचे.

"औषध डाक्टर देतील तेच. मी फक्त खाण्याचं सांगतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. मऊ शिजवलेला भात, बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी हाडं काढून, थोडं उकडलेलं कोहळं, चमचाभर दही. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. पाणी उकळून गार केलेलं. "अन् एका वेळी एकच वस्तू बदलवायची. आठ दिवस पाहाचं. दोन बदलवल्या तं चोर सापडत नाही."

मग पुढचे प्रश्न.

"याच्याशिवाय काही?"

"काही नाही."

"पोळीचा तुकडा?"

"नाही."

"चहातला टोस?"

"नाही हो, काका."

"मी काही पोलीस नाही जी. जनावराले सांगता येत नाही, म्हणून मालकाले विचारा लागते."

मी नाही म्हणत होतो तेव्हा सकाळच्या टोस्टचे कण भुऱ्याच्या मिशीला चिकटलेले असायचे. मी ते पुसून घ्यायचो.

संध्याकाळी साडेसातला खानावळीचा डबा यायचा. आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. मी एकीवर बसलो की भुऱ्या येऊन पायाशी बसायचा आणि हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवायचा. पोळीचा तुकडा रश्श्यात बुडवून मी त्याला द्यायचो. एक घास मला, एक त्याला. कांदा, लसूण, तिखट, सगळं असलेला रस्सा. "आज मीठ जास्त पडलंय रे," मी म्हणायचो. तो शेपटी आपटायचा. घरात दिवसभरात माझं बोलणं काय ते तेवढंच. एवढ्याशा घासानं काय होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. घास बंद केला तर तो कदाचित येणार नाही, अशी मला भीती होती. तो माझ्यासाठी बसतो की रश्श्यासाठी, हे मला कळून घ्यायचं नव्हतं.

काकांचा शोध मात्र प्रामाणिकपणे चालला होता. आठ दिवसांनी ते म्हणाले, "कोहळं सोसून नाही राहिलं याले. बंद करा." कोहळं गेलं. पुढच्या आठवड्यात दही गेलं. मग कोंबडी गेली, तिच्या जागी अंड्याचा पांढरा भाग आला, मग तोही गेला. एकेक निर्दोष पदार्थ शिक्षा भोगून घराबाहेर पडत होता आणि मी शेजारी उभा राहून "हो काका, हो काका" करत होतो. शेवटी भुऱ्याच्या वाट्याला भात आणि भाताची पेज उरली. त्याच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. काका दिवसातून दोनदा यायला लागले. दुपारच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून यायचे, त्याच्यापाशी बसायचे आणि स्वतःशीच बोलायचे, "काहून होऊन राहिलं असं? काहून?"

एक दिवस त्यांनी भुऱ्याचं तोंड उघडलं आणि थांबले. पुन्हा नाक जवळ नेलं.

"सर, याच्या तोंडाले लसणाचा वास येऊन राहिला."

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "खाली कुठं तोंड घातलं असेल. तळमजल्यावरच्या बाई गाईसाठी शिळं टाकतात ना, भिंतीपाशी."

हे मी सुचलं म्हणून बोललो, आणि विसरूनही गेलो. काका विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत चहा पीत होतो, तेव्हा खालून त्यांचा आवाज आला.

"बाई, ते शिळं भिंतीपाशी नका टाकत जाऊ जी. वरच्या सरचा कुत्रा खाते."

"कोनं पाह्यलं? तुमी पाह्यलं का?"

"पाह्यलं नाही. पण तोंडाले वास होता..."

"वास! मी गाईले माझ्या हातानं चारते, काका. खाली एक कण पडू देत नाही. नाक गेलं तुमचं! म्हातारपणी लोकाइच्या दारात येऊन काहून पंचाईत करता? घरी बसा आता. राम राम करा."

दोन-चार खिडक्या उघडल्या. कुणीतरी हसलं. काकांनी मान वर करून माझ्या बाल्कनीकडे पाहिलं. मी एक शब्द बोलावा, एवढीच त्यांची अपेक्षा असणार. मी कुंडीला पाणी घालायला वळलो. त्या कुंडीला मी दहा मिनिटांपूर्वीच पाणी घातलं होतं.

ते वर आले. त्या दिवशी माल बघितला नाही, चहाही घेतला नाही. "बाईचं बरोबर आहे जी," एवढंच म्हणाले. "माझंच नाक गेलं असन."

त्यानंतर त्यांच्यात काहीतरी ढिलं पडलं. दूधवाल्याची म्हैस व्यायला अडली तेव्हा तो धावत त्यांच्याकडे गेला. ते दारातूनच म्हणाले, "दवाखान्यातून डाक्टर आण. मले कळून नाही राहिलं आता." दूधवाल्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसत नव्हता. पन्नास वर्षं ज्या हातांनी वासरं ओढून काढली, ते हात त्या माणसानं मागे घेतले होते. मी दुधाचं पातेलं धरून ऐकत उभा होतो.

पंधरा दिवसांनी ते निरोप घ्यायला आले. मुलगी भिवापूरला बोलावत होती, म्हणाले. आता इथं राहून काय करू? भुऱ्यासमोर बसले, मूठ पुढे केली, त्यानं हुंगली. "हात गेला जी माझा," त्याच्याकडे बघतच मला म्हणाले. "तुमचा एवढा जीव आहे याच्यावर. याले मी बरं करू नाही शकलो." जाताना पेजेत मीठ टाकू नका म्हणून पुन्हा बजावलं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "काका, येत जा."

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी माझी मुलगी आठ दिवसांसाठी घरी आली. ती समोरच्या खुर्चीवर बसायची, ऑफिसच्या गमती सांगायची, माझ्या ताटातलं लोणचं उचलायची. आम्ही रात्री दहापर्यंत टेबलावरच असायचो. पाचव्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो आणि बघतच राहिलो. भुऱ्याची शी घट्ट, तपकिरी, एकसंध होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की पाच दिवसांत मी त्याला एकही घास दिलेला नाही. मला बोलायला माणूस मिळालं होतं, कुत्र्याची आठवणच झाली नव्हती.

मुलगी मागून आली. "बाबा, शी बघून रडताय तुम्ही?"

"डोळ्यात काहीतरी गेलं," मी म्हणालो. तिलाही खरं सांगितलं नाही.

ती गेली. त्या संध्याकाळी भुऱ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसला. मी खाली बघितलं नाही. तीन दिवस तो बसत राहिला. चौथ्या दिवशी आलाच नाही. दारापाशी पडून राहिला. मी एकटाच जेवलो. ताट उचलल्यावर मात्र तो उठून माझ्यामागे आला. मग मी काकांच्या रीतीनं, आठ-आठ दिवसांनी एकेक वस्तू परत सुरू केली. कोहळं पचलं, कोंबडी पचली, दही पचलं. भुऱ्याच्या अंगावर मांस आलं.

मधे एकदा काकांचाच फोन आला. "कसा आहे आपला भुऱ्या?"

"बरा आहे, काका. एकदम बरा."

ते खुश झाले. मग त्यांनी विचारलं, "कशानं बरा झाला जी?"

"आपोआपच," मी म्हणालो.

"होते असं कधी कधी," ते म्हणाले.

भुऱ्या त्यानंतर दोन वर्षं जगला. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी उन्हात झोपला तो उठलाच नाही. घर इतकं शांत झालं की फ्रिजची घरघर थांबली तरी मला दचकायला व्हायचं. दोन वर्षं मी स्वतःला सांगत होतो की भुऱ्याला सोडून भिवापूरला कसं जाणार. आता तेही कारण उरलं नव्हतं. एका रविवारी मी एसटीत बसलो.

काकांच्या मुलीच्या अंगणात लाल मिरच्या पसरल्या होत्या. ती आणि दोन बाया मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मला ठसका लागला तसं तिनं पाणी आणून दिलं. गोठ्यात एक बकरी मान टाकून बसली होती. "दोन दिवसांपासून चरत नाही," मुलगी म्हणाली. "पण बाबा हात लावत नाही तिले. कोणत्याच जनावराले नाही लावत आता. दवाखान्यात न्या म्हणते."

ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. वाळले होते. मला ओळखायला थोडा वेळ लागला.

"भुऱ्या?"

"गेला, काका. म्हातारपणानं."

"पोट?"

"शेवटपर्यंत चांगलं होतं."

त्यांनी मान हलवली. मी खुर्ची जवळ ओढली आणि एसटीत पाठ केलेलं सगळं हळू आवाजात सांगितलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग कानामागे हात नेऊन म्हणाले, "जोरात बोला जी. या कानानं काहीच येत नाही आता."

बायांचे हात थांबले. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. शेजारच्या कुंपणापलीकडून कुणीतरी डोकावलं. मी उठून उभा राहिलो, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "काका, तुम्ही विचारायचात तेव्हा मी रोज खोटं बोललो. त्याला माझ्या ताटातला रस्सा मी चारत होतो. लसणाचा वास खरा होता. त्या बाईंनी तुम्हाला बोल लावले, तेव्हा मी वरून बघत होतो. तुमचं नाक बरोबर होतं, तुमचा हात बरोबर होता. चूक माझी होती. मला माफ करा."