तेविसावं वचन

कामठा ते गोंदिया या रस्त्यावर ऑटोत सवाऱ्या कशा बसवायच्या याचं एक शास्त्र आहे, आणि लीलाधर त्यातला जुना पंडित. जाडजूड माणूस मधे, लेकुरवाळी बाई कडेला, दारूचा वास येणारा पुढे आपल्या शेजारी, आणि ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांच्या मधे कोबीचं पोतं. सवारीला वाटायचं आपण हवं तिथं बसलो. बसलेली असायची ती लीलाधरनं ठरवलेल्या जागी. अशा माणसाची झोप एका वचनानं उडवावी, हे जरा नवलच. पण उडवली खरी, आणि तीही बुधवार ते बुधवार अशी सबंध आठ दिवस.

लीलाधरच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी पाच वाजता टिनाच्या सभागृहात बायबलचा अभ्यास चाले. नऊ माणसं, खाली अंथरलेली एक मोठी दरी, शेवटी चहा आणि आलूपोहा. आधी सगळं खुशाल नावाचे गुरुजीच बोलत. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेला माणूस, त्याला थांबवणार कोण? लोक बसल्या बसल्या पेंगत. मग गुरुजींनीच एक रीत पाडली. गोलात बसायचं आणि एकेकानं एकेक वचन वाचायचं. ज्यानं वाचलं त्यानंच सांगायचं, की हे वचन आपल्या जिण्यात कुठं येऊन बसतं. एकही गाळायचं नाही. पाळी आलेला माणूस जागेवर नसेल, तर वाचन तिथंच थांबायचं, पुढे सरकायचं नाही. पेंगणं त्या दिवसापासून बंद झालं.

शाळेत पोरं आपल्या वाट्याला कोणता उतारा येणार ते आधीच मोजून ठेवतात, तसे इथेही सगळे मोजत. कबूल कोणी करत नसे. मागच्या बुधवारी डोंगरावरच्या उपदेशातल्या सोळाव्या वचनावर वाचन थांबलं आणि चहाचे कप फिरायला लागले, तेव्हा लीलाधरनंही मान न हलवता नजरेनं गोल मोजला. सतरा, अठरा, एकोणीस गुरुजी, वीस, एकवीस अंगणवाडीतली चेतना, बावीस रुख्मा. रुख्मा म्हणजे त्याची बायको. बायका गोलाच्या एका अंगाला आणि पुरुष एका अंगाला बसत, आणि जिथं दोन्ही टोकं मिळत तिथं हे नवराबायको शेजारी येत. म्हणजे तेवीस आपलं. त्यानं हळूच तेवीस काढलं. त्याच्या पुस्तकात ते पानाच्या अगदी तळाशी होतं. देवाला दान द्यायला आलास, आणि तिथं तुला आठवलं, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे... एवढं वाचून त्यानं पुस्तक मिटलं. पान उलटायचा त्याला धीरच झाला नाही.

त्याचं कारण कामठ्याच्या तीन किलोमीटर अलीकडे, वडाच्या थांब्यावर, सकाळी उभं असायचं. बकाराम, लीलाधरचा थोरला भाऊ. बापाची धानाची शेती तोच करायचा, आणि आठवड्यातून दोनतीनदा गोंदियाला जायचा. लीलाधरचा ऑटो आला की बकाराम धोतराचा सोगा सावरत शेताकडे बघायला लागायचा. ऑटोत जागा असली तरी बसायचा नाही. मागून येणाऱ्या दुसऱ्या ऑटोसाठी अर्धा अर्धा तास उन्हात उभा राहायचा. लीलाधर तिथं गाडीचा वेग जरासा कमी करी, अगदी कोणाच्या लक्षात येणार नाही इतका, आणि मग पुन्हा वाढवी. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची माय वारली. त्याच्या सहाच महिने आधी लीलाधर रुख्माच्या मागेमागे मंडळीत आला होता, आणि नवा मुसलमान रोज मशिदीत म्हणतात तशी त्याची गत होती. तेरवीला तो गेला. पंगतीत बसला. बकाराम स्वतः भाताचं भगुणं घेऊन एकेकाला वाढत त्याच्यापुढे आला, आणि लीलाधरनं ताटावर आडवा हात धरला. आमच्यात हे चालत नाही, असं तो म्हणाला, तेही साऱ्या गावाला ऐकू जाईल असं. तसं करायला त्याला पाळकानं सांगितलं नव्हतं, गुरुजींनी नाही, कोणीच नाही. बकाराम भगुणं घेऊन पुढच्या ताटाकडे गेला. त्यानंतर तो भावाशी एक शब्द बोलला नाही.

मंडळीत साक्ष द्यायची वेळ आली की लीलाधर उठून ठासून सांगे, की माझ्या मनात कोणाविषयी काही नाही. आणि ते खरंही होतं! पण हे मेलं तेविसावं वचन तुझ्या मनात काय आहे ते विचारतच नव्हतं. भावाच्या मनात काय आहे, ते विचारत होतं. आता सगळ्यांसमोर ते आपल्या तोंडानं वाचायचं आणि वर सांगायचं, की हे आपल्या जिण्यात कुठं बसतं. सभागृहातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, हीच तर पंचाईत.

गुरुवारी त्यानं वडाचा थांबा डोळे मिटल्यासारखा ओलांडला. शुक्रवारी एका सवारीला दोनदा उतरवलं आणि दोनदा बसवलं. शनिवारी जेवता जेवता ताटातल्या भाताकडे बघत राहिला. रुख्मानं विचारलं, तब्येत बरी नाही काय? तो म्हणाला, क्लचचा वायर ढिला आहे. बुधवारी न जाण्याचा विचार त्याच्या मनात दहादा आला, पण रीत अशी, की तो गेला नाही तर वाचन त्याच्याच वचनापाशी थांबून राहणार. पुढच्या बुधवारीही तेच, त्याच्या पुढच्याही तेच. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

मंगळवारी गोंदियाच्या स्टँडवर त्याला एकदम सुचलं. सीट! नऊ माणसांच्या गोलात एक माणूस वाढवला, तर पाळी एका घरानं पुढे सरकते. त्यानं स्टँडवरच्या उमेंद्रला गाठलं. हा उमेंद्र शेजारच्या गावचा ऑटोवाला, देवळातही फक्त प्रसादासाठी जाणारा. लीलाधरनं त्याला आलूपोह्याचं वर्णन असं काही रंगवून सांगितलं, की तो म्हणाला, पोहा असेल तर मी कुठंही येतो.

बुधवारी लीलाधर साडेचारलाच पोचला. धानाच्या कापणीनंतरचा पहिला बुधवार होता तो. त्या दिवशी प्रत्येकानं नव्या तांदळाची पिशवी आणायची, आणि आपलं वचन वाचून झालं की ती मधल्या टोपल्यात ठेवायची, अशी त्यांची चाल. ते तांदूळ मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जात. लीलाधरला स्वतःची शेती नव्हती, म्हणून त्यानं दुकानातून दोन किलो आणले होते. आल्याआल्या त्यानं उमेंद्रला बरोबर पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या मधे नेऊन बसवलं. सवारी जागेवर बसली. मनातल्या मनात पुन्हा मोजलं, तर तेवीस रुख्माच्या वाट्याला आणि त्याच्या वाट्याला चोवीस. त्याला आठ दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. ते वचन आपल्याच बायकोच्या अंगावर ढकलून हा गडी सुखावला होता, हे सांगायला मला लाज वाटते, पण झालं ते तसंच झालं.

गुरुजींना नवा माणूस बघून इतका आनंद झाला, की त्यांनी लीलाधरची पाठ थोपटली. वाचन सुरू झालं. उमेंद्रला अठरावं आलं, धर्मशास्त्रातला एक कानामात्राही रद्द होणार नाही असं काहीसं. तो म्हणाला, लायसन्सच्या कागदाचंही असंच असतं, एक कानामात्रा चुकला की परत जा. सगळे हसले. लीलाधर सगळ्यांत जोरात हसला. चेतनाला बावीस आलं, भावावर रागावण्याचं. तिनं वहिनीशी झालेलं भांडण सांगितलं आणि डोळे पुसले.

मग रुख्मानं तेवीस वाचलं. एकेका शब्दावर बोट ठेवत, सावकाश. लीलाधर दरीचा निघालेला धागा ओढत बसला होता.

"मले भाऊ नाही," रुख्मा म्हणाली. "मी काय सांगू? एक सांगतो. सासूच्या तेरवीले मी जेवली होती. चुलीपाशी बसून, गीताबाईसंगं. तिनं ताट वाढलं, मी जेवली. येशूनं मले त्याच्यासाठी आजवर काई म्हनलं नाही."

ती नवऱ्याकडे न बघता बोलली. आपली पिशवी तिनं टोपल्यात ठेवली. गीताबाई म्हणजे बकारामची बायको. नऊ वर्षं हिनं हे पोटात ठेवलं होतं, आणि नऊ वर्षं हा घरी सांगत होता, की आपण दोघांनी कसा विश्वास राखला! लीलाधरचे कान तापले. त्याला राग आला, आणि रागाच्या मागोमाग काहीतरी दुसरं आलं, ज्याला तो आठ दिवस चुकवत होता.

"लीलाधर, चोवीस," गुरुजी म्हणाले.

त्यानं पान उलटलं. नवीन वचन सुरू होतं असं त्याला वाटलं होतं. पण ते नवीन नव्हतंच. तेविसाव्यातलं वाक्य तिथं संपलेलंच नव्हतं. ते पान ओलांडून आलं होतं आणि इथं त्याची वाट बघत बसलं होतं. तुझं दान तिथंच राहू दे, आधी जा, भावाशी समेट कर, आणि मग येऊन दान दे. तेविसाव्यात नुसतं आठवायचं होतं. उठून जायचं होतं ते चोविसाव्यात. सगळ्या कामठा रोडवर सवाऱ्या बसवणारा माणूस स्वतःला नेमक्या त्याच सीटवर बसवून मोकळा झाला होता.

"वाच ना गा," गुरुजी म्हणाले.

"वाचलं, गुरुजी." तो उठला. तांदळाची पिशवी त्यानं टोपल्याबाहेर, दरीवरच ठेवली. "मी जाऊन येतो."

"आता कुठं जाऊन राहिला?"

"याच्यात लिवलं आहे तिथं."

ऑटो तीनदा झटका मारूनही सुरू होईना. चौथ्यांदा झाला. वाटेत दोन माणसांनी हात दाखवला, त्यानं थांबवला नाही. वडाच्या थांब्यापासून आत वळायचा रस्ता त्याला डोळे बांधूनही सापडला असता, तरी तो एकदा पुढे निघून गेला आणि परत फिरला. काय बोलायचं, ते काहीच ठरत नव्हतं. माफ कर म्हणावं, तर बकाराम म्हणेल, कायची माफी? चुकलो म्हणावं, तर काय चुकलं ते सांगावं लागेल. तुझा येशू चुकला काय, असं विचारलं तर?

बकाराम अंगणात पोत्यांची तोंडं शिवत बसला होता. त्यानं ऑटोकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि सुई पोत्यात खुपसून ठेवली. उठला मात्र नाही. नव्या तांदळाचा वास घरातून येत होता.

"दादा," लीलाधर म्हणाला. मग जे तोंडाला आलं ते बोलला. "मायच्या तेरवीचं जेवाले आलो."

बकाराम उठला आणि घरात गेला. लीलाधर अंगणात उभाच राहिला. एक मिनिट झालं, दोन झाली. गोठ्यातली म्हैस त्याच्याकडे बघत होती. जावं की थांबावं? किल्ली त्यानं खिशातून काढली, परत ठेवली, परत काढली. तेवढ्यात गीताबाई पाण्याची बादली घेऊन बाहेर आली.

"पाय धुवा, भाऊजी," ती म्हणाली. "उभे काऊन?"

आत पाट मांडलेला होता, पुढे रिकामं ताट. तो बसला. चुलीपाशी भांडं वाजलं, आणि बकाराम भाताचं भगुणं घेऊन पुढे आला. ताटापाशी येऊन थांबला. त्याची नजर ताटावर नव्हती, लीलाधरच्या उजव्या हातावर होती. लीलाधरनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तेव्हा बकारामनं डावभर भात वाढला.

लीलाधर परतला तेव्हा सात वाजून गेले होते. त्याला वाटलं होतं, आता कुलूप असेल. पण ट्यूबलाइट चालू होती आणि सगळी माणसं दरीवर आपापल्या जागी होती, उमेंद्रसुद्धा. पोहे झाकलेले होते. वाचन झाल्याशिवाय कोणी हात लावला नव्हता, आणि उमेंद्र त्या झाकणाकडे मोठ्या दुःखानं बघत होता. गुरुजींचं पुस्तक त्याच पानावर उघडं होतं. दरीवरची तांदळाची पिशवी कोणी हलवली नव्हती.

लीलाधर आपल्या जागेवर येऊन बसला. पुस्तक उघडून त्यानं मांडीवर घेतलं, पण अक्षरं काही स्थिर राहीनात.

"बोलले काय दादा?" रुख्मानं हळूच विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पन भात दोनदा वाढला."