परवानगी मीच दिली होती

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. कुणी विचारलं नाही असं नाही; विचारलं की मी काजूच्या पिकाचं काहीतरी काढायचो. आता नूतन गेली. दीड महिन्यापूर्वी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर तिचा फोटो आला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. चौतिसाव्या वर्षी आजाराने गेलेल्या या मुलीला ‘तंत्रस्नेही शिक्षिका’ म्हणून वाहवा करणाऱ्यांत तिला छळणारेही होते, आणि त्यांत पहिला मी. शोकसभेत तर मला अध्यक्ष केलं. मी बोललो. लाज वाटते सांगायला, छान बोललो.

इब्रामपूरकडच्या आमच्या प्राथमिक शाळेत ती रुजू झाली तेव्हा मी मुख्याध्यापक होतो. आल्या आल्या तिने प्रोजेक्टर मागून घेतला. पडद्यावर रंगीत चित्रं, नाचणारी अक्षरं... मुलं तोंडं उघडी टाकून बघत आणि प्रश्न विचारला की गप्प. तिला ते फार लागलं. नोकरी सांभाळून तिने शैक्षणिक तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम घेतला. मी चिडवलं, “बाय, आनी कितली यंत्रां हाडटलें?” ती म्हणाली, “सर, त्यात यंत्राचं कमीच आहे. मुलाच्या घरी आधीपासून काय पोचतं ते बघून या, म्हणतात.” आणि ती खरोखरच घरोघर गेली. फोन कुणाचा, तो घरी कधी येतो, रेंज कुठल्या दगडावर मिळते, सगळं वहीत. पडद्यामागे उभी राहणारी बाई मुलांच्या पडवीत बसून ऐकायला शिकली. माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी ते केलं नव्हतं.

मग महामारीत शाळा बंद झाल्या आणि वरून हुकूम आला, रोज दहा वाजता ऑनलाइन वर्ग. दहा वाजता आमच्या मुलांचे फोन बापाच्या खिशातून कामावर गेलेले असत. घरी उरत ते आजीचे बटणांचे फोन. नूतनने त्या फोनांत चालणारी, घरोघर पडून असलेली मेमरी कार्डं गोळा केली, आपल्या आवाजात धडे भरले आणि ती पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे दिली. सायकलवर पाव घेऊन रोज दारोदार जाणारा आंतोन हा एकच माणूस तेव्हा प्रत्येक घरी पोचत होता. तो भोंगा वाजवत हसायचा, “टीचर, दोन पांवांर एक धडो फुकट, अशें सांगूं?” “सांग, पूण धडो शिळो दिवं नाका!” परतीच्या कार्डांवर मुलांची उत्तरं येत. मध्येच एखादी आजी घुसे, “टीचर, आवाज बारीक जालो गे तुजो, जेवतंय मगे?” वर्गात मुकी असलेली मुलं त्या कार्डांवर भडाभडा बोलत होती.

सुरू करण्याआधी ती मला विचारायला आली होती. मी म्हटलं होतं, “कर तू. वरच्यांना मी बघतो.” लेखी मात्र काही दिलं नाही.

महिन्याभराने कार्यालयाचा खुलासा मागणारा कागद आला: या शिक्षिकेचा दहाचा वर्ग का होत नाही? समोर एकही मूल नसतं तरी त्यांना चाललं असतं, तक्ता भरलेला हवा होता. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. मी लिहिलं, “सदर शिक्षिकेने माझ्या परवानगीशिवाय हा प्रकार केला.” खाली सही, शिक्का. तिची नोकरी कायम होणं लांबलं, बदली डिचोलीच्या पार पलीकडे झाली, दोन बस बदलून. तिने माझ्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही. आणि पुढे तोच ‘प्रकार’ कुणाला तरी आदर्श उपक्रम वाटला, तेव्हा डिचोलीच्या सभागृहात शाल आणि नारळ कुणी घेतला? मी. नूतन तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. बाहेर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “सर, आंतोनचं नाव घ्यायला विसरलात.” स्वतःच्या नावाबद्दल एक शब्दही नाही!

माझा तो खोटा खुलासा तिच्या सेवापुस्तकाला जोडलेला आजही आहे. शोकसभेनंतर तिच्या आईने मला विचारलं, “सर, माझ्या चेडवान खरंच न विचारता केल्यान?” म्हणून हे छापून यायला हवं. विचारलं होतं. परवानगी मीच दिली होती. खोटं मी लिहिलं.

गेल्या वर्षी माफी मागायचं ठरवून मी तिच्या नव्या शाळेत गेलो. ती मुलांसाठी गावोगावच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करत होती. मला बघून उठली, खुर्ची दिली आणि म्हणाली, “बरे वेळार आलात सर. हळर्णच्या किल्ल्याची गोष्ट सांगा, मुलांना तुमचा आवाज हवा.” फोन माझ्यापुढे धरला, खुणेने सांगितलं, बोला. माफीचं वाक्य ओठांवर घेऊन मी फोनकडे बघत राहिलो. ती डोळ्यांनी धीर देत थांबली होती, तिला वाटलं म्हातारा गोष्ट विसरला... मी किल्ल्याबद्दल बोलू लागलो. बुरूज, खंदक, नदी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, “एकदम बेस!” मी पायऱ्या उतरलो. ‘नूतन, मला क्षमा कर’ एवढे चार शब्द मला तिच्यापुढे म्हणता आले नाहीत.